पुराच्या निगेटिव्हवरचा ओरखडा

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की माझा फोन वाजायला लागतो. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्रात उभा असलेला हा मारुती म्हणजे आम्हा नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. घोट्याला पाणी असलं तर कोणी घरातून उठतही नाही. कमरेला लागलं की लोक बायकापोरांना घेऊन पुलावर बघायला जातात, आणि छातीला लागलं की सगळ्यांना तो जुना मोठा पूर आठवतो. मग कोणाला त्याचा फोटो दुकानात लावायला हवा असतो, कोणाला छापायला, कोणाला नुसता मोबाईलच्या ग्रुपवर टाकायला. त्या पुराचे बारा फोटो आमच्याकडे आहेत. लोकांचे संसार वाहून नेलेल्या पाण्यावर आमचा सीझन चालतो, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

फोटो मी काढलेले नाहीत. ते मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी काढले. रविवार कारंज्याजवळ त्यांचा स्टुडिओ होता. पूर आला त्या दिवशी मोठा कॅमेरा आणि तिवई घेऊन ते ओळखीच्या एकाच्या गच्चीवर चढले, धोतराचा सोगा लेन्सवर धरून पावसात उभे राहिले आणि बारा फोटो काढून खाली उतरले. मी तेव्हा सिन्नरला शाळेत होते. लग्न होऊन नाशिकला आले तोवर पूर ओसरून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे ज्या पुराबद्दल मला लोक विचारतात, तो मी पाहिलेलाच नाही. पाहिला तो निगेटिव्हमध्ये, उलटा. आभाळ काळं, गढूळ पाणी काळपट आणि भिजलेली कौलं चकाकती पांढरी.

आता माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मी रिटचिंग करायचे. त्या काळी फोटोतले डाग कॉम्प्युटरवर काढत नसत, निगेटिव्हवर काढत. खिडकीशी एक उतरतं लाकडी डेस्क, मधे काच, खाली आरसा. आरशातून उजेड वर येतो, काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि श्वास रोखून काम करायचं. फोटोत काळा ठिपका येत असेल तर निगेटिव्हवर ती जागा रिकामी असते. ती टोकदार पेन्सिलीने भरायची. फोटोत पांढरा ठिपका येत असेल तर निगेटिव्हवर तिथे काळं साचलेलं असतं. ते ब्लेडने अलगद खरवडायचं. फिल्मवर जिलेटिनचा पापुद्र्यासारखा थर असतो आणि सगळं चित्र त्या थरात असतं. पेन्सिलीने भरलेलं पुसता येतं. खरवडलेलं परत येत नाही.

मामंजींनी मला हे शिकवलं ते माझी रांगोळी पाहून. "सूनबाई, तुझा हात थरथरत नाही," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी अर्धं मोडलेलं दाढीचं ब्लेड चिंधी गुंडाळून माझ्या हातात दिलं. सहा महिने मी फुकट गेलेल्या निगेटिव्ह खरवडत बसले. मग माझा हात असा काही बसला की विचारू नका. देवळाली कॅम्पातून जवान यायचे, लग्नासाठी गावी मुलीकडच्यांना पाठवायला फोटो काढायला. ज्याच्या मिशीला दोन बाजूंना दोन चाली, त्याच्या मिशा मी सारख्या करून द्यायचे. तिरळे डोळे सरळ केले, वाकडे भांग सरळ केले, देवीचे वण बुजवले. एका नवरदेवाची टोपी लग्नाच्या फोटोत कानावर आली होती, ती मी इतकी नीट बसवली की त्याची आई म्हणाली, आमचा बाळू एवढा टापटिपीचा कधी दिसलाच नव्हता. मला वाकडं काही बघवतच नाही. जेवायला बसले तरी ताटातली वाटी आधी जागेवर सरकवते. घरातले हसतात.

पुराच्या निगेटिव्ह मात्र मामंजी कोणाला हात लावू देत नसत. बटर पेपरच्या पाकिटात घालून त्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या. नाशिकचा पावसाळा म्हणजे दमट, आणि दमटपणा निगेटिव्हला बुरशी आणतो. म्हणून दर आषाढात सासूबाई मूठभर तांदूळ कोरडे भाजायच्या आणि त्याची पुरचुंडी डब्यात ठेवायच्या. तांदूळ ओल शोषून घेतात. सासूबाई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आजही करते. त्या डब्याला मी जितकं जपलं तितकं स्वतःच्या दागिन्यांना जपलं नाही. आणि त्या डब्यातली सगळ्यात चांगली निगेटिव्ह मीच बिघडवली.

झालं असं. एका कार्यालयाला भिंतीवर लावायला पुराचा फोटो हवा होता, दारापेक्षा थोडा लहान, एवढा मोठा. त्यांनी निवडली सातवी निगेटिव्ह. समोर फेसाळलेलं पाणी, मागे देवळांचे कळस, आणि मधे भाजीबाजाराच्या कडेच्या एका दुकानाचं कौलारू छप्पर तेवढं पाण्याबाहेर. फोटो मोठा करायचा म्हणजे बारीक डागही मोठा होतो. मी मामंजींना म्हटलं, मला एकदा साफ करू द्या, पुढच्या शंभर कॉप्या स्वच्छ निघतील. त्यांचे डोळे तेव्हा मोतीबिंदूने अधू झाले होते. त्यांनी डबा माझ्या पुढ्यात ठेवला. त्या घरात मला मिळालेला तो सगळ्यात मोठा मान होता.

दोन दिवस मी पाण्यावरचे, आभाळातले ठिपके काढले. मग छपरावर आले. कौलांच्या कडेला एक ठिपका होता. मी भिंगातून पाहिलं. धुळीचा ठिपका गोल असतो. हा गोल नव्हता. थोडा लांबट होता आणि तिरका होता. मी हात थांबवला, हे मला आज स्वच्छ आठवतं. "मामंजी, इथं छपरावर काहीतरी आहे," मी म्हटलं. ते आले, भिंग लावलं, डोळा बारीक केला.

"धूळ बसली असेल धुताना," ते म्हणाले. "नाहीतर चुना असेल. काढ."

मी काढला. पाच-सहा वेळा ब्लेड फिरवलं असेल. मामंजी कॉपी हातात घेऊन खिडकीशी गेले आणि म्हणाले, "आता कसं स्वच्छ झालं." मी इतकी खूश झाले की पूर्वीपासून शोकेसमध्ये लावलेली पुराची जुनी मोठी कॉपी, जी उन्हाने पिवळी पडली होती, ती काढून मी तिथे नवी लावली. जुनी फाडून रद्दीत दिली. कोणी सांगितलं नव्हतं मला. माझीच हौस.

मग मामंजी गेले, माझे यजमानही गेले, निगेटिव्हचा जमाना गेला. जुनी जागा सोडून आम्ही नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ छोटं दुकान घेतलं. पन्नाशीनंतर मी कॉम्प्युटर शिकले, बाराच्या बारा निगेटिव्ह स्कॅन केल्या. लोक येत राहिले, मी कॉप्या देत राहिले. सातवा फोटो सगळ्यात जास्त गेला.

यंदाच्या पावसाळ्यात पाणी मारुतीच्या छातीपर्यंत चढलं. दोन-तीन दिवसांनी सकाळी दुकानात दोघी जणी आल्या. एक साठीच्या पुढची, नऊवारीतली, हातात भाजीची पिशवी. दुसरी तिची सून, मोबाईल हातात घेऊन. म्हातारीने नाव सांगितलं, भागूबाई. निफाडजवळच्या खेड्यातल्या. सुनेने मोबाईल माझ्यापुढे धरला. आमचाच सातवा फोटो, कोपऱ्यात आमच्या स्टुडिओचं नाव.

"हा तुमचा हे ना?" भागूबाईंनी विचारलं.

"हो, आमचाच. मोठा करून हवा का?"

"याच्यात माझा बाप होता," त्या म्हणाल्या. "आता नाय. कुठं गेला?"

मला काही कळेना. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन नाशिकच्या बाजारात यायचे आणि रात्री घाटावरच मुक्काम करायचे. पुराच्या आदल्या दिवशी आले ते परत गेले नाहीत. बरोबरच्या एका गाववाल्याने त्यांना सकाळी छपरावर बसलेलं पाहिलं होतं, खांद्यावर घोंगडी, डोक्याला पांढरी टोपी. दुपारी ते छप्परच गेलं. माणूस सापडला नाही. पुढे वर्षभराने भागूबाईंचे चुलते त्यांना नाशिकला घेऊन आले. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या. रविवार कारंज्याला आमच्या शोकेससमोर चुलते थांबले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, बघ, हा तुझा बाप.

"अर्ध्या तिळाएवढी टोपी दिसत होती," भागूबाई म्हणाल्या. "बाकी कायबी नाय. मी काचेला नाक लावून बघितलं. लय वेळ बघितलं. काका ओढून नेत होते तरी मी हालत नव्हते. त्याचा दुसरा फोटोच नाय ओ. आमच्यात कोण काढत होतं तवा फोटो?"

"मग इतक्या वर्षांत आला नाहीत ते?"

"दोनदा आले. एकदा दुकान बंद होतं. दुसऱ्यांदा आले तर तिथं दुकानच नव्हतं, चपलांचं झालं होतं. मला वाटलं, गेला तो बी पुरात. आता सुनेच्या मोबाईलमंदी आला तर म्हनलं, बघू दे. बोटांनी मोठं करून करून बघितलं तिनं. टोपी नाय."

त्यांना फोटो हवा होता पितरांसाठी. बाकी घरांत पितृपक्षात पाटावर फोटो ठेवून त्याला हार घालतात, मग नैवेद्य दाखवतात. यांच्याकडे फोटो नव्हता म्हणून दर वर्षी पाटावर नवीन पांढरी टोपी ठेवत आल्या. गेल्या वर्षी नातवाने विचारलं, आपल्या घरी टोपीला का जेवायला घालतात. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्या बोलत होत्या आणि मला ते भिंग आठवत होतं. लांबट ठिपका, तिरका. आणि मी काय बोलले? "मोबाईलवर बारीक गोष्टी दिसत नाहीत हो. मूळ निगेटिव्हमध्ये असेल. आठवड्याने या." खोटं बोलले, तेही चांगलं तोंडावर हसू ठेवून.

त्या गेल्यावर मी डबा उघडला. निगेटिव्ह काचेवर ठेवली. टोपीच्या जागी ब्लेडच्या बारीक समांतर रेघा होत्या, आणि दुसरं काही नव्हतं. माझं काम चोख होतं. जुनी कॉपी कुठे असेल म्हणून ट्रंका उपसल्या, जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. जुनी कॉपी मीच रद्दीत घातली हे माहीत असूनही शोधत होते. काय करणार? बसून तरी कशी राहणार होते मी?

पाचव्या दिवशी मी ठरवलं की टोपी परत चितारायची. कॉम्प्युटरवर ते पाच मिनिटांचं काम. अर्धा तीळ तर चितारायचा. म्हातारीचं समाधान होईल, कोणाचं काय जातंय, असं मी स्वतःला दहा वेळा समजावलं. खरं सांगायचं तर मला तिच्यापुढे मान खाली घालायची नव्हती. चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हाताचं कौतुक केलं, आणि आता त्याच हाताने काय केलं हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी टोपी चितारली. ब्लेडच्या रेघा झाकल्या. कॉपी काढली, पाकिटात घातली.

भागूबाई ठरल्या दिवशी आल्या, सून बरोबर. मी पाकीट दिलं. त्यांनी कॉपी दोन्ही हातांत धरली, डोळ्यांजवळ नेली. छपराच्या कडेवर बोट आलं आणि थांबलं. त्या खूप वेळ बघत राहिल्या. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या तेव्हा मला वाटलं, सुटले मी.

"ही टोपी त्याची नाय," त्या म्हणाल्या.

"अहो, तीच आहे. छपरावर, कडेला..."

"ही सरळ हे. माझा बाप टोपी वाकडी घालायचा. आईशी भांडण व्हायचं त्याच्यावरून. ती म्हनायची, गाव काय म्हनंल. तो मुद्दाम अजून वाकडी करायचा. त्या काचंतल्या फोटोत बी वाकडीच होती, म्हणून तर मी वळखलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. पाहिलं फक्त. "तुम्ही टाकली का ही?"

मी माझ्या आयुष्यात हजारो ठिपके काढले आणि भरले, कोणाला पत्ता लागला नाही. या बाईने, जिचे डोळे पाण्याने भरले होते, एका नजरेत ओळखलं. मला भिंगातून तिरका दिसलेला ठिपका परत चितारतानाही मी सरळ चितारला होता. सवयीने.

मग मी सगळं सांगितलं. निगेटिव्ह, ब्लेड, मामंजी, रद्दी. काहीही गाळलं नाही. "तुमच्या वडिलांना मी खरवडून काढलं, भागूबाई. मला माणूस दिसला नाही. मला डाग दिसला." एवढं बोलून मी रडले. गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा रडले.

सून काही बोलायला गेली, बहुतेक चिडून. भागूबाईंनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी कॉपी उलटी करून मांडीवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "जिथं घासला ती जागा दाखव मला."

मी स्कॅन कॉम्प्युटरवर उघडलं. मूळ, कॉम्प्युटरवर टोपी घालण्याआधीचं. छपराची कड मोठी करत करत नेली, पडदाभर झाली तोवर. मधोमध त्या पाच-सहा रेघा दिसत होत्या. इतक्या मोठ्या मीही कधी पाहिल्या नव्हत्या. भागूबाई उठून पडद्याजवळ गेल्या. रेघांवर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं.

"ही बघ घोंगडी," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. रेघांच्या खाली कौलांवर एक काळा उंचवटा होता. आजही मला तो कौलांचाच भाग वाटतो. कधी कधी वाटतं, खांदा आहे. खात्रीने मी सांगू शकत नाही, कारण त्या दिवशी ब्लेड हातात असताना मी ठिपक्याच्या खाली पाहिलंच नाही. माझं काम ठिपक्याचं होतं.

"एवढंच मोठं करून दे," भागूबाई म्हणाल्या. तोवर अहो-जाहो संपलं होतं, आणि ते बरं झालं. "रेघांसकट?" मी विचारलं.

"रेघांसकट. तिथंच व्हता ना तो? मग तीच जागा दे. काय पुसू नको, काय घालू नको."

मी तशी कॉपी काढली. माझ्या हातून डाग ठेवून बाहेर गेलेली ती पहिली कॉपी. पैसे त्यांनी देऊ केले, मी घेतले नाहीत. त्यांनी पिशवीतून कोथिंबिरीच्या चार जुड्या काढून काउंटरवर ठेवल्या. त्या मात्र घ्याव्या लागल्या.

पितृपक्षात भागूबाईंच्या सुनेचा फोन आला; ती सासूला आत्याबाई म्हणते. आत्याबाई म्हणतात, जेवायला या. जावं की न जावं, मी दोन दिवस विचार केला. जाऊन तोंड काय दाखवणार, आणि न जाऊन तरी सुटका कुठली? मग निफाडची एसटी धरली. द्राक्षबागांच्या मधून गेलेला रस्ता, पुढे विहीर, तिच्यापलीकडे घर. ओटीवर पाट मांडला होता, भोवती रांगोळी. पाटावर फ्रेम. नवी, सोनेरी कडेची. आत माझी कॉपी, काळी कौलं आणि मधोमध ब्लेडच्या रेघा. वर झेंडूचा हार.

घरातले एकेक जण येऊन नमस्कार करत होते. नातवाने पण केला. माझी पाळी आली. मी वाकले, आणि माझ्या ब्लेडच्या ओरखड्याला नमस्कार केला. माफी मागायची असं येताना ठरवलं होतं, शब्द पण जुळवले होते. तिथे एकही आठवला नाही.

डोकं वर केलं तेव्हा दिसलं, फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यावर नवी पांढरी टोपी ठेवली होती. दर वर्षीसारखी. ती एका बाजूला कलंडली होती. माझा हात आपोआप पुढे गेला, नीट करायला.

"राहू दे ताई," मागून भागूबाई म्हणाल्या. "तो तशीच घालायचा."

मी हात मागे घेतला.